कोरड्या आडातला चहा

उन्हाळ्यात माणसं महाबळेश्वरला जातात, ते जमलं नाही तर माथेरानला. मी त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात जामखेड तालुक्यात गेलो. हे सांगितलं की पुण्यातले लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग हळूच विचारतात, काही काम होतं का? काम नव्हतं. नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात माझ्याबरोबर असलेला शांतवन तिकडे तरवडवाडी नावाच्या गावात मास्तर आहे. त्यानं लिहिलं होतं, "दुष्काळावरची तुझी मतं वर्तमानपत्र वाचून तयार झालेली आहेत. चार दिवस येऊन ती वाळवून घे." निमंत्रणाची ही भाषा मला आवडली.

खर्ड्यापर्यंत

नगरहून जामखेडला जाणाऱ्या एस.टी.त त्या दिवशी दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, खिडक्या उघडा म्हणजे वारा लागेल. दुसऱ्याचं म्हणणं, खिडक्या लावा म्हणजे वारा लागणार नाही. दोघंही एकाच वाऱ्याबद्दल बोलत होते. कंडक्टर आष्टीपर्यंत पहिल्या पक्षात होता, पुढे दुसऱ्यात गेला.

खर्ड्याला किल्ला आहे. तिथल्या लढाईचा उल्लेख केल्याशिवाय खर्ड्यात परक्या माणसाला कुणी पाणी विचारत नाही अशी ख्याती. त्या वर्षी उल्लेख केल्यावरही विचारत नव्हते. पुढचा रस्ता बैलगाडीचा. गाडीवानानं बैल दोनदा थांबवले आणि दोन्ही वेळा कारण विचारल्यावर म्हणाला, "दम खाऊ द्या. खायाला तेवढंच हाय."

तरवडवाडीच्या पाठीशी एक लांबट डोंगर आहे. पायथ्याला शाळा, शाळेपलीकडे गाव, गावाच्या दुसऱ्या टोकाला मारुती. त्या संपूर्ण मुलखात मला दिसलेलं एकमेव गवत त्या डोंगरावर होतं. पिवळंधमक, गुडघ्याच्या वर, वारा आला की वाजणारं.

पहिला चहा

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठलो. अंगणात बाजेवर झोपलं की पहाटेचा गारवा माणसाला फसवतो. मार्थावहिनींनी, म्हणजे शांतवनच्या बायकोनं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, गूळ टाकला, पत्ती टाकली. दूध गावात नव्हतंच. पाण्याला नुकता कढ येऊ लागला होता, एवढ्यात एक साठीच्या बाई कमरेवर टोपलं घेऊन सरळ स्वयंपाकघरात आल्या. चपला काढल्या नाहीत, कुणाला विचारलं नाही. टोपल्यातून ओंजळभर राख घेतली आणि भांड्याखालच्या जाळावर घातली. मग दुसरी ओंजळ. चूल गप झाली.

"पावनं उशिरा उठत्यात जनू," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"रात्री दमून आलेत, गयाक्का," वहिनी म्हणाल्या.

"मग उद्या लौकर उठत्याल." आणि त्या गेल्या.

मी चहाच्या रंगाचं कोमट पाणी प्यालो. पुण्यात आमच्या घरात असं कुणी घुसून जाळ विझवला असता तर प्रकरण गल्लीत गेलं असतं. इथे वहिनींनी फक्त भांडं उतरवून ठेवलं.

शांतवननं मग मला समजावून सांगितलं. शाळेच्या ओट्यावरची सावली उतरली, म्हणजे सकाळचे नऊ वाजले, की गावात चूल पेटलेली ठेवायची नाही, दिवस मावळेपर्यंत. त्या वेळी पश्चिमेचा वारा सुटतो तो थेट गावावरून डोंगराकडे जातो. एक ठिणगी पुरे. म्हणून रोज एका घराची पाळी. पाळीवालीनं राखेचं टोपलं घेऊन घरोघर जायचं आणि प्रत्येक चुलीवर राख घालायची. पाटलाचं घर असो की आमच्या मास्तरांचं, तिला दारात अडवायचं नाही. घरोघरच्या आणि खिशातल्याही काडेपेट्या सकाळीच मारुतीच्या देवळात जमा होतात, संध्याकाळी परत मिळतात. मारुतीचं निरांजनही दिवसभर विझलेलं असतं. विड्या ओढणारे बापडे दुपारभर तंबाखू चघळत पारावर बसतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवर एखाद्या मोठ्या त्यागाचं तेज असतं.

"एवढं सगळं गवतासाठी?" मी विचारलं.

"उद्या गयाक्कांनाच विचार," शांतवन म्हणाला. "मी सांगितलं तर तुला भूगोलाचा तास वाटेल."

जेवण पहाटेच भाजलेल्या भाकरीचं. दुपारी ती गार भाकरी, करडईचं तेल घातलेली चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. रात्री मात्र हुलग्याचं शेंगोळं गरमागरम, ताटातून वाफ निघणारं. आम्ही पुण्यात दिवसभर गरम खातो आणि रात्री पोट बिघडलं म्हणून गार ताक पितो. कोणतं शहाणपणाचं हे मी ठरवलं नाही. शेंगोळं मात्र दोनदा घेतलं.

गयाबाई

गयाबाईंच्या दारात एक गाय आणि एक बैल होता. एकच बैल, कारण दुसरा शेजाऱ्याचा. नांगरटीला दोघं मिळून जोडी करतात.

"गेल्या साली एकच पाऊस पडला," त्या म्हणाल्या, "त्यो बी जवारी मेल्यावर. जवारीचं काय झालं न्हाई, पर डोंगराला गवत आलं. तवाच ठरवलं, कडबा हाय तवर डोंगराला हात लावायचा न्हाई. आता कडबा सरला. रोज घरटी एक भारा कापतो. पाऊस येईस्तवर पुरवायचं हाय."

"आणि नाही पुरलं तर?"

"तर बैल बाजारात. बैल गेला की मानूस गेलाच म्हना. पल्याडच्या वाडीनं बैल ईकलं. आता निम्मी वाडी तुमच्या पुन्यात हमाली करतीया. तुमच्या गल्लीत असंल कोन तरी, बगा."

होता. आमच्या कोपऱ्यावरच्या वखारीत नवा हमाल जामखेडकडचा आहे एवढं मला माहीत होतं. मी ते सांगितल्यावर गयाबाईंना वखारीतच जास्त रस वाटला.

"कोळशाची वखार?"

"हो. बंबाला, शेगडीला लागतो ना."

"लागनारच की. ह्यो डोंगर आमी आलो तवा झाडीनं काळा हुता. धावडा, खैर, अंजन. सावली हुती, वल हुती. मग ठेकेदार आला, भट्ट्या लावल्या, पोती भरून नेली. तुमी आंघुळी केल्या."

हे त्यांनी इतक्या प्रसन्नपणे सांगितलं की मला रागही आला नाही.

मी स्वभावानं संशयी आहे. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतले उन्हाळे नेहमी सौम्य असतात आणि पावसाळे वेळेवर येतात, हे मी आमच्या आजोबांपासून ऐकत आलो. म्हणून गयाबाई "ऊन लई वाढलं बगा" म्हणाल्या तेव्हा मी नुसती मान हलवली. त्यांना ती मान कळली असावी.

"तुमाला खोटं वाटतंय. राखंची पाळी बगा मग. माज्या सासूच्या टायमाला पाळी अखितीला सुरू व्हायची. मी नांदायला आले तवा पाडव्याला. आता होळी पेटली की दुसऱ्या दिशी त्याच राखंनं सुरू. ऊन खोटं बोलंल, बाया कशाला उगं लौकर उटून राख वाहत्याल?"

अक्षय्यतृतीयेपासून होळीपर्यंत एक रिवाज मागे सरकत येतो, म्हणजे काहीतरी त्याला ढकलत असणार. डोंगराची झाडी गेली म्हणून, की एकूण जगाचंच काही बिघडलं म्हणून, हे शोधायला माझ्यापेक्षा मोठी डोकी लागतील. मी एवढंच विचारलं, की पाळी होळीच्याही अलीकडे गेली तर होळी कशी पेटवणार?

"त्येच पंचायतीत इचारलं तर तात्या म्हनतो, समिती नेमू."

समिती

तात्या म्हणजे गावचे सरपंच. उंच, देखणा, मिशांवर मेहनत घेतलेला माणूस. मनानं उदार, पण समारंभ दिसला की विरघळणारा. त्यांनी खरोखरच 'वणवा प्रतिबंधक समिती' स्थापन केली होती आणि तिच्या उद्घाटनाला वरून एक साहेब येणार होते. उद्घाटन समई पेटवून व्हायचं होतं.

गयाबाईंनी सभेत विचारलं होतं, "वनवा इझवायच्या समितीला जाळ कशाला?"

"अगं गयाक्के, शासनाचा कार्यक्रम हाय. समई लागतीच."

"मग शासनानं सकाळी यावं, चुली चालू असताना."

तडजोड होऊन वेळ सकाळी आठची ठरली. साहेब आठला येणार असं कळवणाऱ्यालाही ते खरं वाटलं नसावं. शाळेच्या पटांगणात कापडाची कमान उभी राहिली. 'सुस्वागतम्'चा 'सु' वाऱ्यानं पहाटेच उडाला होता. मांडवाला बाजरीच्या जुन्या सरमाडाची, म्हणजे गुरंही तोंड लावणार नाहीत अशा काळ्या पडलेल्या ताटांची, सावली केली होती.

नऊ वाजले तरी साहेब आले नाहीत. पाळी खरं तर शेजारणीची, पण समईवर नजर ठेवायला गयाबाईंनी ती मागून घेतली होती. त्यांनी घरोघर राख घातली आणि उरलेलं टोपलं घेऊन त्या मांडवाच्या कडेला लिंबाखाली येऊन बसल्या. समईला परवानगी मागायला तात्या दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले. दुसऱ्यांदा येताना तात्यांचा चेहरा उतरलेला होता. मग त्यांनी मला खुणेनं बाजूला बोलावलं.

"पावनं, तुमी च्यावाली मानसं. जरा चव बगून सांगा."

शाळेमागे एक आड आहे. दोन वर्षांपासून कोरडा. तात्यांनी आडाच्या काठावर वाकून हाक मारली, "पांडबा, सोड." खालून आवाज आला, "वढा." तात्यांनी रहाट ओढला आणि पोहऱ्यात एक किटली वर आली. तिच्या तोंडातून वाफ येत होती.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण मुलांना शिकवतो. मी यापुढे ही म्हण शिकवताना जपून शिकवेन. तात्यांनी आपल्या मेव्हण्याला, पांडबाला, पहाटे दोरानं आडात सोडलं होतं. सोबत लाकडं, पाणी, गूळ, पत्ती. आडाच्या तळाशी वाऱ्याचं नाव नाही, बाहेर जाळ दिसत नाही. साहेब कितीही वाजता येवोत, चहा तयार. एवढा मोठा माणूस दारात यायचा आणि त्याला चहा नाही, ही कल्पना तात्यांना सोसवत नव्हती.

"न्येम मोडला का? न्हाई. चूल गावात हाय का? न्हाई. गावाखाली हाय," तात्या म्हणाले.

चहा उत्तम होता. दोन दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं चालू लागलं. त्या चालू डोक्यानं मला तात्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटला.

उद्घाटन

साहेब आले तेव्हा सावल्या पायाखाली गेल्या होत्या आणि वारा पूर्ण भरात होता. जीपमधून उतरलेले साहेब गृहस्थ म्हणून वाईट नव्हते. पांढरेशुभ्र कपडे, वजनदार देह, आणि हार घेताना मान किती वाकवायची याचा चांगला सराव. त्यांना चहा दिला गेला.

"वा, गरम आहे," साहेब म्हणाले. "मला तर सांगितलं होतं की इथं दुपारी चुली पेटत नाहीत."

"थर्मास हाय साहेब," तात्या म्हणाले.

लिंबाखाली गयाबाईंनी नाक वर करून हवा हुंगली, आणि टोपलं तिथंच ठेवून त्या कुठली चूल पेटलीय ते बघायला गावाकडे गेल्या.

मग भाषणं झाली. वणवा हा राष्ट्राचा शत्रू आहे, असं साहेबांबरोबर आलेल्या एका कार्यकर्त्यानं सांगितलं. भाषणांच्या दरम्यान तात्या मध्येच उठून शाळेमागे गेले, परत आले, पुन्हा गेले. मला वाटलं, माणूस घाबरलाय.

शेवटी समई. साहेबांनी खिशातून चांदीचा लायटर काढला. तो भेट मिळालेला असावा, कारण काढल्यावर त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला. वाऱ्यानं तो विझवला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. कार्यकर्त्यानं छत्री धरली, दुसऱ्यानं धोतराचा आडोसा केला, आणि चौथ्या वेळी एक वात पेटली. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबायच्या आत, गावातून परतलेल्या गयाबाई टोपलं घेऊन पुढे आल्या.

"साहेब, राग मानू नगा. आज माजी पाळी हाय," त्या म्हणाल्या आणि राख घ्यायला त्यांनी टोपल्यात हात घातला.

पुढचं फार लवकर झालं. "आई गं" म्हणून त्यांनी हात झटकला, टोपलं खाली पडलं, राख वाऱ्यावर उठली आणि त्या राखेत लाल ठिपके होते. काही मांडवाच्या सरमाडात गेले, काही कुंपणाच्या वाळल्या तरवडात. सरमाड पेटल्याचा आवाज मी प्रथमच ऐकला. कुणी घोंगडं फाडावं तसा होता. माणसं मांडवाबाहेर पळेपर्यंत कुंपण पेटलं होतं आणि कुंपणापलीकडे डोंगर सुरू होत होता.

पायथ्याला गावानं गवत खरवडून पट्टा मोकळा ठेवला होता. वाऱ्यानं त्या पट्ट्याकडे लक्षही दिलं नाही. खालच्या उतारावरचं गवत तीन-चार ठिकाणी एकदम धरलं. बायका, पुरुष, सगळे तरवडाचे हिरवे फोक मोडून जाळ झोडपत होते. मीही झोडपत होतो. माझ्या फोकाला पानं नव्हती हे नंतर लक्षात आलं.

"खालचं गेलं," गयाबाई म्हणाल्या. त्यांचा उजवा हात छातीशी धरलेला होता. "वरचं धरा. गाडीवाटंवर चला. तिथनं उलटी आग लावायची."

डोंगराच्या मध्यावर एक गाडीवाट आडवी जाते. तिच्या वरच्या बाजूला पठारापर्यंतचं सगळं गवत, म्हणजे गावाचं पाऊस येईपर्यंतचं दाणापाणी. वाटेच्या खालच्या बाजूचं गवत आपणच आधी जाळून टाकायचं, म्हणजे येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही. माणसं वाटेवर पोचली. आग खालून चढत होती, तिच्या धगीपर्यंत जाऊन पेटतं काही आणणं शक्य नव्हतं. आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

कुणाकडेच काडेपेटी नव्हती. सगळ्या गावाच्या काडेपेट्या गावाच्या दुसऱ्या टोकाला मारुतीच्या स्वाधीन होत्या. तरवडवाडीनं इतक्या निष्ठेनं पाळलेला तो नियम त्या क्षणी मला जरा जास्तच निष्ठेनं पाळलेला वाटला.

"ओ साहेब," गयाबाईंनी खाली बघून हाक मारली. "तुमची ती चांदीची पेटी आना हिकडं."

साहेब जीपपाशी होते. ड्रायव्हरनं जीप चालू केलेली होती. साहेबांनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा वर. मग ते आगीला वळसा घालून डोंगर चढू लागले. कार्यकर्ता म्हणाला, मी नेऊन देतो. साहेबांनी लायटर दिला नाही. स्वतःच आले, दगडांवरून घसरत, गळ्यातला हार एका बाभळीला देऊन. वर पोचल्यावर त्यांना बोलता येईना. गयाबाईंनी बोटानं दाखवलं, आणि साहेब गुडघ्यावर बसून गवत पेटवू लागले. खाली वाकल्यामुळे या वेळी वाऱ्यानं लायटर विझवला नाही. वाटेच्या वरच्या बाजूला उभे राहून आम्ही ठिणग्या झोडपत होतो, साहेब पुढे पुढे सरकत पेटवत होते, आणि त्यांच्या धोतराचा रंग त्या दिवसानंतर धोतराचा राहिला नसेल.

दोन आगी वाटेखाली भेटल्या. क्षणभर जाळ माणसाच्या दुप्पट उंच उठला, आणि मग खायला काही न उरल्यामुळे बसला.

वरचं गवत वाजत होतं. तसंच उभं, तसंच पिवळं. गयाबाई त्यात चार पावलं चालत गेल्या आणि खाली बसल्या.

"उद्घाटन झालं म्हनायचं," तिथूनच त्या म्हणाल्या. साहेब हसले. काळ्या तोंडानं हसणारा पुढारी मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडला.

निवाडा

संध्याकाळी लिंबाखाली सगळे जमले. गयाबाईंच्या तळहाताला मार्थावहिनींनी तेल लावून फडकं बांधलं होतं.

"माजी राख गार हुती," गयाबाई म्हणाल्या. "घरच्या उकिरड्यावरची, तीन दिसांची. ह्यात इस्तू कुटनं आला?"

तात्या उठले. मिशा खाली आलेल्या होत्या. "म्या घातली," ते म्हणाले. "आडातली. साहेब आड बघायला गेलं तर चूल दिसंल म्हनून राख वर काढली. मग टाकायची कुटं? म्हनलं, राखंत राख. कोनाला कळंल?"

आग लपवायला तरवडवाडीत राखेच्या टोपल्यासारखी जागा नाही, आणि हे सुचायला तरवडवाडीचाच माणूस हवा. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

तेवढ्यात शाळेमागून बारीक आवाज आला. "तात्या, आरं वर काढा की. काय झालंय?"

पांडबा पहाटेपासून आडात होता. वणव्याच्या दिवशी सगळ्या गावात सुरक्षित असा तो एकटाच माणूस, आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. हसू आधी बायकांतून फुटलं, मग ते कुणालाच आवरलं नाही. तात्याही हसले, पण डोळे पुसत.

शिक्षा गयाबाईंनी सुचवली आणि ती एकमतानं मान्य झाली. पाऊस पडेपर्यंत राखेची पाळी रोज तात्यांची. स्वतः टोपलं घेऊन, स्वतः घरोघर, स्वयंपाकघरात जाऊन.

निघताना

दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो. आवराआवरीत उशीर झाला आणि वहिनींनी घाईघाईनं माझ्यासाठी चहा ठेवला. पाण्याला कढ आला, पत्तीचा वास सुटला, आणि दारात खाकरण्याचा आवाज झाला. तात्या होते, कमरेवर टोपलं. त्यांच्यामागे चार बायका, ते नीट करतात की नाही बघायला.

तात्यांनी दारातून शाळेच्या ओट्याकडे पाहिलं. सावली उतरलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी आडातला चहा मी त्यांच्याच हातून प्यालो होतो, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मग त्यांनी टोपल्यात हात घातला, राख नीट चाचपून पाहिली, आणि चुलीवर दोन ओंजळी घातल्या.

"माफ करा, पावनं," ते म्हणाले.

गयाबाई मला पोचवायला गाडीपर्यंत आल्या. अर्धा डोंगर काळा होता, अर्धा पिवळा. खालचा गेला म्हणजे रोजचा भारा लहान होणार, पण पठार पुरेल असं त्यांचं गणित होतं, पाऊस वेळेवर आला तर.

"पुढच्या साली होळीला या," त्या म्हणाल्या.

"होळी पेटवणार कुठे? तोवर ऊन आणखी अलीकडे आलं तर?"

त्यांनी क्षणभर डोंगराकडे पाहिलं.

"आडात पेटवू," त्या म्हणाल्या. "पर पांडबाला आदी वर काढून."